लिलीची पात

आमच्या स्वयंपाकघरात टाकून द्यायचं असं सहसा काही नसतं. कांद्याच्या पातीचे मुळांकडचे बुडखे पेल्यात, गाजराची शेंडी बशीत, आल्याचा तुकडा तेलाच्या कापलेल्या डब्यात आणि कोंब फुटलेला बटाटा कान तुटलेल्या बादलीत. खिडकीच्या कट्ट्यावर ही मंडळी रांगेनं बसलेली असतात. सकाळी पाणी आधी त्यांना, चहा नंतर आम्हाला, हा माझ्या थोरल्या जावेचा कायदा. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही गेले, तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहतो. त्या जन्मभर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांधत होत्या, मी लॉन्ड्रीत इस्त्री करत होते. त्यामुळे घरातही वाटणी सरळ आहे. शेगडी त्यांची, कपडे माझे. कुंड्यांमध्ये मात्र माझा थोडा हात आहे. जुन्या बनियनच्या पट्ट्या कापून मी वाती वळते. वातीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं मातीत खुपसलं की कुंडी आपली आपण पाणी पीत बसते.

थंडीत जाऊबाईंना मोठा ताप येऊन गेला. त्यातून उठल्या आणि त्यांच्या स्वयंपाकाची तऱ्हा थोडी बदलली. दुधाच्या पातेल्यात तळाशी छोटी बशी उपडी ठेवू लागल्या. दूध तापत आलं की ती खडखडते. ओट्यावर गजराचं घड्याळ आलं. अंडं फोडण्याआधी पाण्यात सोडून बघायचं, तरंगलं तर फेकायचं. आणि दर थोड्या वेळानं मला हाक, "अगं, चव बघ गं." इतक्या वर्षांनी मला मान मिळतोय म्हणून मी खूश होते.

त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, लिफ्ट दुरुस्त करतो. दर रविवारी लेकीला घेऊन आमच्याकडे जेवायला येतो. आईनं आता दगदग करू नये, असं त्याचं म्हणणं. "डबा लावून देतो. दोघी आरामात बसा," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा आणि जाऊबाई प्रत्येक वेळी त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढायच्या. उत्तर म्हणून तेवढं पुरायचं.

त्या रविवारी नातीसाठी कांद्याची पात घातलेलं ऑम्लेट करायचं ठरलं. जाऊबाईंनी कट्ट्यावरच्या एका डब्यातली पात कापून माझ्यापुढे ठेवली. "बारीक चिर. नाहीतर पोरगी वेचून काढते."

मी चिरायला बसले. मूठभर चिरून झाली तरी डोळ्यांना पाणी नाही. काडी हातात घेऊन बघितली.

"जाऊबाई, ही पोकळ नाही हो. आतून भरीव आहे."

"जात वेगळी असेल."

"कुठून आणली होती?"

"खाली कचऱ्याच्या पेट्यांपाशी ढीग होता. छान बारके कांदे, मुळांसकट. लोक काय वाट्टेल ते टाकतात! उचलले आणि लावले."

मी विळी बाजूला सारली. माळ्यानं खालचा फुलांचा वाफा उपसला होता, तो ढीगही मी पाहिला होता. लिलीचे कंद होते ते. दिसायला कांद्यासारखेच, पण पोटात गेले की उलट्या. आणि आम्हाला सगळ्यांना जाऊबाईंचीच शिकवण होती की, अनोळखी पात दिसली की चुरगाळायची, हुंगायची, वास आला तर कांदा, नाही आला तर हात धुवायचे. स्वतः हुंगल्याशिवाय त्या काही लावायच्याच नाहीत.

मी ती पात बोटांत चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरली. "कसा आहे वास?"

त्यांनी श्वास घेतला. "झणझणीत आहे की."

हिरव्या गवतापलीकडे त्या पातीला कसलाच वास नव्हता.

"जाऊबाई," मी म्हटलं, "केव्हापासून?"

त्या आधी फडक्यानं ओटा पुसत राहिल्या. पुसून लख्ख झालेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "तापापासून. वाटलं, येईल परत. सर्दीनं जातं तसं गेलं असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं की गावाला कळलं. आणि पोराला कळलं तर तो शेगडी उचलून नेईल. मग मी काय करू? कट्ट्यावरच्या गाजराशेजारी बशीत बसू?"

मला हसू आलं. चिरलेली पात मी पिशवीत बांधून टाकली, विळी आणि पाट दोनदा धुतले. डब्यातले कंद उपसताना त्या जवळ उभ्या होत्या.

"आज पोरीच्या पोटात गेलं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

"गॅसही उघडा राहिला असता."

"बटण मी दोनदा बघते."

"आणि नळी चिरली तर? तुम्ही त्याला सांगा, नाहीतर मी सांगते."

"वा! आयुष्यभर माझ्या हातचं जेवलीस आणि आता नाकानं कांदे सोलतेस होय?" असं म्हणून त्यांनी पातीविनाच अंडी फेटायला घेतली.

बापलेक आले. नातीनं ऑम्लेट काट्यानं उलटंपालटं करून पाहिलं. "आजी, हिरवं कुठेय?"

जाऊबाईंनी डाव खाली ठेवला.

"हिरवं टाकून दिलं. विषारी होतं," त्या लेकाकडे बघून म्हणाल्या. "मला वास येत नाही. कांद्याचा नाही, करपल्याचा नाही, गॅसचाही नाही. तापापासून. काकूनं पकडलं म्हणून वाचलो."

पुतण्यानं घास ताटात ठेवला. तो उठला, आत गेला आणि गॅसचा कॉक बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाला, "उद्यापासून डबा."

"बस खाली. तुझ्या लिफ्टला दोर किती असतात?"

"चार, पाच. का?"

"एक तुटला तर लिफ्ट भंगारात देतोस?"

"नाही आई. लिफ्ट बंद ठेवतो. दोर बदलेपर्यंत."

मला जाऊबाईंची कीव आली आणि खरं सांगायचं तर पुतण्याचंही पटलं. मीच म्हटलं, "मग बदल की दोर. गॅस गळला की बोंबलणारं यंत्र मिळतं ना?"

"मिळतं. पण भांड्यात काय चाललंय, ते यंत्राला कळत नाही, काकू. करपलं तर? नासकं पडलं तर?"

"त्याला मी आहे."

"तू?" जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तुला शिजलेलं आणि शिळं यातला फरक कळतो का?"

"वास येतो एवढं पुरे आहे. फरक तुम्ही सांगा."

शेवटी पुतण्यानं अट घातली. यंत्र बसेपर्यंत गॅस बंद आणि बसल्यावरही काकू स्वयंपाकघरात असेल तरच शेगडी पेटेल. जाऊबाईंनी कबूल केलं, पण तोंड असं केलं की जणू कुणी त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लावलंय.

यंत्र बसेपर्यंत आम्ही ब्रेड, फळं आणि खालच्या खानावळीतलं सूप यांवर काढलं. सूप कसं झालंय ते जाऊबाई मला विचारायच्या आणि मी काही सांगण्याआधीच नावं ठेवायच्या. पुतण्या एका संध्याकाळी पेचकस घेऊन आला, भिंतीला पांढरी डबी ठोकली आणि ती वाजवून दाखवली. खालच्या मजल्यावरचे धावत वर आले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी कढई ठेवली. मी शेगडीशेजारी स्टुलावर बसले. तेलात कांदा पडला.

"कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? चांगला तर साबणाचाही येतो. नीट सांग."

मी डोळे मिटून हुंगलं. "ओल्या कापडावर गरम इस्त्री ठेवली की येतो ना, तसा. वाफेचा. थोडा उग्र."

"मग पाणी आटायचंय अजून." त्यांनी आच वाढवली, उलथनं फिरवलं. "आता?"

"आता उग्र गेला. गोडसर आहे."

"किती गोड?"

"ते कसं सांगू?"

"प्रयत्न कर. कॅन्टीनमध्ये असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती तुला."

मी पुन्हा नाक पुढे केलं. "कडक स्टार्च केलेल्या चादरीवर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली तर... डाग पडायच्या अलीकडे."

जाऊबाईंनी झटकन आच मंद केली आणि कढईत डोकावल्या. कांदा बदामी झाला होता, एकही तुकडा काळा नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चिरलेले बटाटे कढईत लोटले, झाकण घातलं आणि उलथन्यानं माझं स्टूल शेगडीच्या आणखी जवळ ओढायची खूण केली.