निरोगी गटातला माणूस

कुणाला कवी म्हणून ओळखतात, कुणाला बिल्डर म्हणून. डोंबिवली पूर्वेत गुरुदत्त बापटांना निरोगी म्हणून ओळखत. "साठी ओलांडली, एक गोळी नाही," हे ते स्वतःच सांगत, म्हणजे दुसऱ्याला चौकशीचा त्रास नको. रोज सकाळी च्यवनप्राशाचा डबा घेऊन ते बेडरूमचं दार लावून घेत. डब्यात मधुमेहाच्या गोळ्या असत.

हे फक्त विठ्ठलवाडीच्या एका डॉक्टरला माहीत होतं. डोंबिवलीत डॉक्टरांचा तुटवडा नाही, पण प्रत्येकाकडे कोणीतरी ओळखीचं बसलेलं असतं. घरी त्यांनी सांगून ठेवलेलं, की विठ्ठलवाडीला रवींद्र नावाचा आजारी मित्र आहे. बायको, चित्रा, दर महिन्याला रवींद्रसाठी बेसनाचे लाडू द्यायची.

लपवाछपवीचं कारण म्हणजे मेहुणा, सुधीर. त्याला मधुमेह निघाला तेव्हा गुरुदत्तांनी भर पंगतीत त्याच्या ताटातली जिलबी उचलली होती. "हा रोग नाही, हा स्वभाव आहे," म्हणाले होते. लोक हसले होते. पुढे स्वतःचा रिपोर्ट आल्यावर तो स्वभाव कुठे ठेवायचा, असा प्रश्न पडला.

त्यात मुलगी क्षिप्रा याच रोगावर पीएचडी करणारी. आरएनए म्हणजे जीनकडून निघालेला निरोप. त्यावर पेशी बारीक रासायनिक खुणा करते: हा आधी वाचा, हा लगेच फाडा. निरोप तोच, पण खुणा बदलल्या की काम बदलतं. मधुमेहात या खुणा कमी होतात का, ते ती पाहत होती. तिला मधुमेही आणि निरोगी, दोन्ही माणसांचं रक्त हवं होतं. सुधीर पहिल्या गटात गेला. दुसऱ्या गटात बाबांना न घेणं हा त्यांचा अपमान झाला असता. रक्त देण्याआधीचे काही दिवस गुरुदत्तांनी कडक उपास केला. साखर बरी आली.

रविवारी सुधीर जेवायला आलेला. श्रीखंड होतं. क्षिप्रानं ताटाला हात लावला नव्हता.

"माझे गाईड सर म्हणतात, मी रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केली. बाबाच्या खुणा मधुमेह्यासारख्या, सुधीरमामाच्या निरोगी माणसासारख्या."

"मी रोज चालतो गं," सुधीर अपराधी सुरात म्हणाला. "गोड सोडलंय. भावोजी बोलले तेव्हापासून."

"तुझ्या खुणांचं कारण देता येईल, मामा. बाबाचं काय? एक नळी चुकली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? उद्या चूक कबूल करते. सगळंच बाद."

"मशीन बिघडलं असेल," चित्रा म्हणाली. "यांना काही नाही, हे अख्ख्या डोंबिवलीला ठाऊक आहे."

"मशीन नाही गं आई. माझ्यातच शिस्त नाही."

गुरुदत्तांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. असंच काहीसं ते एका पंगतीत बोलले होते. तोंडातलं श्रीखंड कसंबसं गिळून ते उठले, बेडरूममधून डबा आणला आणि श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी उपडा केला.

"नळ्या बरोबर आहेत," ते म्हणाले.

क्षिप्रानं गोळ्यांची एक पट्टी उचलून नाव वाचलं. "कधीपासून?"

"सुधीरनंतर दोनेक वर्षांनी. तू असं कर, मला मधुमेह्यांच्या गटात टाक. रक्त वाया जायला नको."

"नाही घेता येणार, बाबा. तिथेही खरं सांगणारी माणसं लागतात." तिनं सरांना फोन लावून त्यांच्यापुढे धरला. "तूच सांग."

त्यांनी सांगितलं. पलीकडून सर बराच वेळ नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणत होते. जणू कुणी गेल्याचं कळलंय.

सुधीरला सोन्यासारखी संधी होती. त्यानं भावोजींची श्रीखंडाची वाटी फक्त हलकेच बाजूला सरकवली. "उद्या सहाला खाली येतो. चालायला जाऊ."

जिलबीपेक्षा हे फार वाईट होतं.

"मग रवींद्र?" चित्रानं विचारलं.

"नाहीये."

"म्हणजे गेला?"

"नव्हताच."

चित्रा विचारात पडली. क्षिप्राही पट्टी खाली ठेवून बापाकडे बघायला लागली.

"अहो, मग माझे लाडू?"

गुरुदत्तांना विठ्ठलवाडीच्या फलाटावरचं बाकडं आणि बोटांना लागलेलं तूप आठवलं. त्यांनी मान खाली घातली. ताटात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते बघत राहिले.