कोटाची खुंटी

नाथाजी हवालदार पलटणीतून पेन्शनवर आला आणि साखर कारखान्यासाठी उसाच्या नोंदी घेत मोटारसायकलवर गावोगाव हिंडू लागला. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. पावसानं गाठलं की मलकापूरच्या अलीकडं अल्लाबक्ष लोहाराच्या शेडात शिरायचा, भट्टीपाशी कपडे वाळवायचा आणि चहावर चहा पीत त्याच्याशी गप्पा हाणायचा.

त्र्याहत्तर साली त्यानं महिन्याची पेन्शन घालून पुण्याहून रबरी कोट, विजार आणि टोपी आणली.

“एवढं पैसं? लय झालं की रं,” अल्लाबक्ष म्हणाला.

“थेंबसुद्धा आत येणार न्हाई, गड्या!”

आणि खरंच आला नाही. सारा पावसाळा नाथाजी टोपी ओढून, मान न वळवता भट्टीसमोरून कोरडा ठणठणीत निघून गेला. भिजलोच नाही, तर थांबायचं कशाला?

दसऱ्याला तो सोनं द्यायला गेला, तर भट्टी थंडगार. अल्लाबक्षचा थोरला, चांदसाहेब, दारात उभा होता.

“अब्बा भादव्यात गेलं, काका.” मग त्यानं दाराशेजारची नवी लोखंडी खुंटी दाखवली. “तुमचा वला कोट टांगायला घडवली हुती. पाऊस लागला की चा दोघांचा टाकायचं.”

खुंटीवर पाण्याचा एक डाग नव्हता. नाथाजीनं हातातली आपट्याची डहाळी तिला अडकवली.

“कोट तरी चांगला निघाला का?” चांदसाहेबनं विचारलं.

“पैसं वाया गेलं,” नाथाजी म्हणाला.