पाण्याची कुपी

घ्राणविकारांवर संशोधन करणारे डॉक्टर नाकासमोर चालणारे गृहस्थ होते, पण रुग्णांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. येत नसलेला वास येतो म्हणणारे, आणि चांगला येत असताना नाक गेलं म्हणून भरपाई मागणारे, असे दोन्ही तऱ्हांचे लबाड त्यांनी पाहिले होते. त्यांतल्या पहिल्यांना पकडायला तपासणीच्या पेटीत लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीच्या शेजारी ते एक कुपी नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्याची ठेवत. त्या कुपीत ज्याला वास आला, तो माणूस खोटा.

तापाच्या दुखण्यात त्यांच्या बायकोचंच नाक गेलं. दिव्याखाली अंधार, असं सहकारी हसत म्हणाले, तेही हसले. घरी मात्र एक गोष्ट त्यांना फार लागली. पूर्वी ते कामावरून आले की ती पाठमोरी असली तरी न वळता म्हणायची, “आलात?” तुमच्या पावलांआधी तुमचा वास पोचतो, असं तिचं म्हणणं. आता ते येऊन खुर्चीत बसले तरी तिला पत्ता नसे. तो एक शब्द आपल्याला इतका हवा होता हे त्यांना प्रथमच कळलं, आणि कळल्याचा रागच आला.

नाकाला सराव दिला तर गेलेला वास कधीकधी परततो. म्हणून तशीच एक पेटी घरी आणून रोज सकाळी ते तिला डोळे मिटायला सांगून एकेक कुपी हुंगायला देऊ लागले. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा, सवयीने म्हणा की संशयाने, त्यांनी पाण्याची कुपी पुढे धरली.

ती हसली. “हे तर तुम्ही.”

“म्हणजे?”

“दाढीचा साबण, कॉलरवरचा घाम. अहो, तुम्हीच. दुसरं कोण असणार?”

बायकोही त्यातलीच निघाली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पाणी बदललं, कुपी बदलली. तिचं उत्तर बदललं नाही. त्या कुपीपाशी तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरायचं, ते त्यांच्याकडे बघताना कित्येक वर्षांत पसरलं नव्हतं, आणि हे त्यांना खोटेपणापेक्षा जास्त झोंबलं. एकदा न राहवून त्यांनी आपलं मनगटच तिच्या नाकाखाली धरलं.

तिने मनापासून हुंगलं. “नाही हो,” ती ओशाळून म्हणाली, “इथे काहीच नाही.”

त्याच आठवड्यात अपघातात वास गमावलेला एक बसचालक तपासणीला आला. लवंगेला त्याने नकारार्थी मान हलवली, लिंबालाही. दवाखान्यातल्या पाण्याच्या कुपीपाशी मात्र तो थबकला.

“कोणीतरी पुरुष आहे, साहेब. आत्ताच दाढी केलेला.” त्याने पुन्हा हुंगलं. “घाबरलाय बिचारा.”

डॉक्टरांनी तपासणी तिथेच आटोपती घेतली. त्यांनी स्वतः कुपी हुंगली, पाणी. आपली बाही हुंगली, नुसतं कापड. शेवटी अंगातला कोट काढून त्यांनी थट्टेचा आव आणत नर्सबाईंपुढे धरला. बाईंचं नाक शाबूत होतं.

“नवा घेतलात वाटतं,” बाई हुंगून म्हणाल्या. “अजून अंगाला लागलेला दिसत नाही.”

तो कोट त्यांनी आठवडाभर धुतला नव्हता.

घरातली कुपी आजच मोरीत ओतून टाकायची, असं ठरवून ते लवकर निघाले. दार लोटलेलंच होतं. ती खिडकीशी पाठमोरी बसली होती.

“आलात?” ती न वळता म्हणाली.

त्यांना भरून आलं. इतक्या दिवसांचा कडूपणा त्या एका शब्दाने धुऊन निघाला, आणि आपण हिच्यावर संशय घेतला याची त्यांना मनापासून लाज वाटली. “आलो,” म्हणत ते लगबगीने पुढे गेले.

तिचे डोळे मिटलेले होते, आणि उघडी कुपी नाकाशी होती. आवाजाने दचकून तिने वर पाहिलं, आणि घरात परका माणूस शिरावा तसं झटकन झाकण घट्ट लावून कुपी मुठीत लपवली. मुठीबाहेर राहिलेल्या काचेवर आतून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.