सांजेची गोळी

बाजाराच्या दिवशी गोदावरीबाई अड्याळच्या औषधाच्या दुकानात आली आणि काउंटरशीच मटकन खाली बसली. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं दुकानदार जागेश्वरने ओळखली आणि तिला भरपूर साखर घातलेला चहा पाजला. थोड्या वेळाने बाई भानावर आली.

तिला मधुमेह होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरने सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली होती आणि आठ महिने जागेश्वरच ती विकत होता. संध्याकाळची गोळी जेवणाआधी घेता की नंतर, हे मात्र त्याने आज पहिल्यांदा विचारलं.

"सांजचं जेवन कुठलं, बापू?" ती म्हणाली. "मालक गेले तवापासून एकच टाइम जेवन हाय माहं. रांडमुंड बाईले दोनदा जेवन शोभते का?"

उपाशीपोटी ती गोळी घेतली की साखर जिवावर बेतेल इतकी उतरते, हे जागेश्वरला ठाऊक होतं. त्याच दिवशी तो तिच्या घरी गेला. मुलगा सेवकराम काही वाईट नव्हता; रोज सांजेला तोच आईच्या हातावर गोळी ठेवी. तिला संध्याकाळी जेवू घाला, नाहीतर डॉक्टरला विचारून ती गोळी बंद करा, असं जागेश्वरने परोपरीने सांगितलं.

"बापाच्या नावानं धरलेला नेम मी कसा मोडू?" सेवकराम म्हणाला. "अन् गोळी तं डाक्टरनं लिवली. तुमी दवाई विकता, भाऊ."

गोदावरीबाईपुढेही जागेश्वरने हात जोडले. भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, एवढंच ती म्हणाली.

मग तो एसटीने भंडाऱ्याला गेला. डॉक्टरने मान वर न करता, लिहिलंय तेवढं द्या, असं सांगून त्याची बोळवण केली. जागेश्वरने ती गोळी देणं बंद केलं, तर सेवकरामने ती पवनीहून आणली.

पौषातल्या एका सकाळी गोदावरीबाई उठलीच नाही. जागेश्वर धावत आला, तिच्या हिरड्यांना साखर चोळत राहिला. दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर, बैलबंडीतच तिचा जीव गेला.

तेरवीला तिच्या नावाचं भरलं ताट वाढलं होतं. सेवकराम हुंदके देत जागेश्वरला म्हणाला, "मायची एक गोळी चुकू नाही देली मी."

ते अक्षरशः खरं होतं. मांडवाच्या कडेला विधवा बाया वेगळ्या बसल्या होत्या. जागेश्वर त्यांच्यातल्या थोरल्या पार्वताबाईंजवळ गेला, कोणकोणत्या गोळ्या घेता, दिवसातून किती वेळा जेवता, असं हळू आवाजात विचारू लागला. पार्वताबाईंनी वाढत फिरणाऱ्या आपल्या मुलाकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला.

जागेश्वर उठला नाही. उत्तराची वाट पाहत तो तिथेच उकिडवा बसून राहिला.