दोन सूर वरचा आवाज

ताईला स्वतःचा आवाज ऐकवत नसे. फोनवर आपणच पाठवलेला निरोप वाजला तरी ती कानांवर हात ठेवायची. त्यामुळे धाकट्या भावाबरोबर अख्खा अल्बम करूनही त्यातलं एकही गाणं तिनं ऐकलेलं नव्हतं. लोकांना ही थाप वाटे, पण ताई म्हणजे ताई. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं ती काचा घासत होती. काच फ्रेममध्ये चपखल बसली की तिचं काम संपलं; त्यातून जग कसं दिसतं ते गिऱ्हाइकानं बघावं. गाण्याचंही तिचं तसंच.

गाणी दुकानाच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड झाली. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे आणि मालकांची ना नव्हती. भावानं कुठूनतरी एक जुनं टेपयंत्र पैदा केलं होतं. भिंतींना गाद्या टेकवल्या, ड्रम म्हणून फ्रेमचे रिकामे खोके बडवले. पाण्याचा पंप सुरू झाला की थांबायचं असं ठरलं होतं. पण पाचव्या गाण्यात ताई अशी काही रंगली, की तिला थांबवायची भावाची छाती झाली नाही. पंप गाण्यात राहिला.

अल्बम इंटरनेटवर गेला आणि दोघांच्या ध्यानीमनी नसताना चालला. एका समीक्षकानं लिहिलं, "खोके खोक्यांसारखेच वाजतात, गिटार अधूनमधून वाट चुकते आणि दोन गाण्यांना संपायचं कुठे ते कळत नाही. तरी पाचव्या गाण्यातला पंप कुणी काढला तर मी भांडेन. आणि सतरा-अठरा वर्षांच्या या मुलीचा कोवळा आवाज! त्याच्यासाठी सगळं माफ."

ताई एक्केचाळीस वर्षांची होती. तिनं ते मालकांना तीनदा वाचून दाखवलं. "उद्यापासून मला काकू म्हणायचं नाही," ती म्हणाली. मालक हसले. ताईसुद्धा हसली, पण मनातून ती हरखली होती. शाळेपासून तिला कुणी समूहगीतातसुद्धा पुढे उभं केलं नव्हतं.

मग एका पुस्तकाच्या दुकानानं गायला बोलावलं. रविवारी दुपारी चार वाजता, वरच्या मजल्यावर, चाळीस खुर्च्या. आदल्या दिवशी दोघं सरावाला बसली. भावानं गिटारच्या मानेवर दुसऱ्या पडद्यापाशी पट्टी चढवणारा चिमटा लावला आणि वाजवायला लागला. ताईनं सूर धरला, पहिल्या कडव्यातच तिचा आवाज चिरकला.

"एवढ्या वर कशाला?"

"अल्बममध्ये असंच आहे."

"मी कुठे अशी गायले होते?"

भावाचे कान लाल झाले. लहानपणी काही फोडलं की व्हायचे तसेच. ताईनं गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. "बोल आता."

टेपयंत्राचा पट्टा सैल होता. ते हळू फिरायचं. त्याच यंत्रावर ऐकलं तर सगळं ठीक वाटे. पण गाणी कॉम्प्युटरवर घेताना भावानं ती टेप मित्राच्या धडधाकट यंत्रावर लावली. गाणी पळायला लागली आणि ताईचा आवाज दोन सूर वर गेला. भावाला ते तिथल्या तिथे कळलं होतं. तो मूग गिळून बसला.

ताईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःचं गाणं लावलं आणि उभ्यानंच ऐकलं. कुणीतरी गोड, लाजरी मुलगी तिचे शब्द गात होती. ताईला ती आवडलीसुद्धा, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"माझा आवाज वाईट होता का रे?"

"नाही गं. तुझा आवाज आईसारखा आहे. ऐकला की वाटतं, आपण काहीतरी केलंय आणि आता बोलणी बसणार. मला वाटलं, लोकांनाही तसंच वाटेल." तो म्हणाला, "उद्या आपण रेकॉर्ड लावू. तू नुसते ओठ हलव."

ताई गिटार त्याच्या मांडीवर ठेवून घरी गेली.

रविवारी सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. ताई माइकसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं अदबीनं विचारलं, "काकू, गाणाऱ्या ताई कधी येणार?"

लोक हसले. भाऊ कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवून तिच्याकडे बघत होता. त्या क्षणी तिला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर ओठ हलवावेसेही वाटले.

"आलेय मी," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "ते बंद कर. गिटार घे, आणि तो चिमटा काढ."

ती तिच्या पट्टीत गायली. आवाज जाड होता, कडेला जरा खरखरीत. 'दार उघडंच आहे, पण मी वाट बघत नाही' ही ओळ अल्बममध्ये लाडिक रुसव्यासारखी वाटायची. इथे ती ऐकताना कुणाला रुसवा आठवला नाही. मागचे चार-पाच जण उठून गेले. पहिल्या रांगेतली मुलगी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसून राहिली.

दुसऱ्या कडव्यात गिटार थांबली. ताई थांबली नाही. उरलेलं गाणं तिनं एकटीनं संपवलं आणि मगच वळून पाहिलं. भाऊ तारांवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता.

"ताई, मी चुकलो," तो पुटपुटला.

"चुकलास," ती माइकमधूनच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता पुढचं वाजव."