लाल पाण्याची साक्ष

फुटबॉलच्या मैदानावर सारं गाव लोटलं होतं आणि मधोमध ठेवलेल्या परातीतलं पाणी लालभडक झालं होतं.

"रक्त! मी नाही, पाणी बोलतंय!" वैद्य बाह स्टोडिंग गरजला. "थ्लेन हिच्याच घरात आहे!"

थ्लेन म्हणजे माणसाच्या रक्तावर जगणारा साप. तो पाळला की घराची भरभराट होते, असं आमच्या खासी डोंगरांत मानतात. मुलं तापाने फणफणत होती, म्हणून साप पाळणारं घर शोधायला वैद्य आणलेला. प्रत्येकासाठी तो आपल्या पोकळ भोपळ्यातून नवं पाणी ओतायचा. मुखिया, दुकानदार, जीपवाला, घरटी एकेका पुरुषाने हात बुडवले. पाणी तसंच राहिलं. लाल झालं ते विधवा कोंग फिलिसिमाईच्या हातांनी.

"आजच घर सोडायचं," मुखिया बाह क्रोस्टर म्हणाला.

"आईचं घर आहे ते. मी धाकटी लेक, आमच्यात धाकटीलाच घर मिळतं. लेकरांना घेऊन जाऊ कुठे?"

मी बाहेरून आलेला मास्तर; इथल्या शाळेत माझा जन्म गेला, तरी गर्दीत बोलायला कचरतो. आपलंच चुकत असेल, हे आधी मनात येतं. पण परातीत न बुडालेली तिची मनगटं पिवळीधमक दिसत होती. हळदीचा हंगाम, कंद चिरतात बायका, पुरुष वजनकाट्यापाशी उभे राहून हिशेब घालतात.

"मला नक्की माहीत नाही," मी चाचरलो, "पण... आणखी एका बाईची परीक्षा घ्यावी. मेई ड्रिसिलांची."

मुखियाचा चेहरा उतरला. मेई ड्रिसिला त्याची सासू, आणि इथल्या रीतीप्रमाणे तो राहतो सासूच्याच घरात.

"मास्तर, डोकं फिरलं का तुमचं?"

"बाजूला हो, जावई!" म्हातारीने परात उपडी करून भोपळ्यातलं नवं पाणी ओतायला लावलं, दंडापर्यंत बाह्या सारल्या आणि हात बुडवले.

पाणी आणखीच लाल झालं.

"अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. "मुखिया रोज सापाशेजारीच घोरतो की!"

"घर सोडायचं ना रे?" सासूने विचारलं. "चल, तुझं गाठोडं आधी बांधते."

"थांबा, थांबा," वैद्याला घाम फुटला. "पाणी... पाणी थकलंय!"

मैदान हसून लोळलं. तेवढ्यात मी सुपारीच्या डबीतला चुना बोटावर घेऊन फिलिसिमाईच्या पिवळ्या मनगटावर ओढला. लाल रेघ उमटली.

"भोपळ्यात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. तिकडे गावी माझी आई असंच कुंकू करायची."

हळद आम्ही रोज चिरतो, सुपारीबरोबर चुना रोज खातो. दोन्ही एकत्र आणून पाहणं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही किती उशिरा!

वैद्य भोपळा टाकून उतार धरून पळाला. तापाची मुलं जीपने दवाखान्यात गेली, फिलिसिमाई आपल्या घरी गेली.

माझं सांगणं एवढंच: कुणाला पापी ठरवण्याआधी तेच पाणी आणखी दोघांच्या हातांवर ओतून बघा. त्याला मोठं धाडस लागत नाही. मी केलं, म्हणजे कुणालाही जमेल.