मोजणी बंद करायची मुभा

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला, बोलायची खोड मात्र गेली नाही. तो एका छोट्या डब्यावर टाइप करायचा आणि डबा बोलायचा. डबा बनवणाऱ्या कंपनीतच त्याची धाकटी बहीण प्रोग्रॅमर होती. त्यामुळे डब्याने जरा कुरकुर केली, की बोलणी तिलाच.

कंपनीने डब्यातली ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली आणि डबा अडखळायला लागला. दादाने जेवताना टोमणा मारावा, तर डब्याच्या तोंडून तो बाहेर पडेपर्यंत विषय कुठच्या कुठे गेलेला असायचा. एकदा वहिनी आपल्या आईचं दुखणं सांगत होती आणि मध्येच डबा खणखणीत म्हणाला, "मीठ विसरलीस की महाग झालंय?" दादाने डबा उपडा ठेवला. त्यानंतर तो जेवताना खाली मान घालून नुसता जेवायचा.

बहिणीला ते बघवेना. तिने डब्याची नस न् नस तपासली. दुखणं सापडलं ते कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात. कुठल्याही प्रोग्रॅमने मेमरी घेतली किंवा सोडली, की नवा कर्नल त्याची बारीकसारीक आकडेवारी ठेवत होता. मोठ्या मशीनला त्याचं काही वाटत नाही. पण डब्यातली चिप एवढीशी, ती बोलायचं सोडून मोजतच बसायची. बहिणीने मोजणी काढून पाहिली, तर डबा घडाघडा बोलायला लागला.

पण हा बदल घरच्या घरी ठेवला असता, तर प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच रामायण. जगभरच्या कंपन्या जो सामायिक कर्नल घेतात, त्या मूळ कर्नलमध्येच तो जायला हवा होता. तिथला मेमरीचा भाग ज्यांच्या हातात होता, त्यांना जगभरचे प्रोग्रॅमर 'मास्तर' म्हणत. मोजणी त्यांनीच लिहिलेली. कच्चं काम पाठवणाऱ्याची ते चारचौघांत बिनपाण्याने करत.

तिने धीर करून बदल पाठवला: मोजणी हवी त्याने ठेवावी, नको त्याने कर्नल तयार करतानाच वगळावी. उत्तर आलं, "कॉल करा."

"मोजलंच नाही तर बिघाड शोधायचा कसा?" मास्तरांनी नमस्काराच्या आधीच विचारलं.

"ज्यांना शोधायचाय त्यांची मोजणी चालूच राहील, सर. बंद करायची तर मुद्दाम करावी लागेल."

"आणि तुम्हाला ती बंद का हवी?"

तिने आलेख काढून ठेवले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझा दादा त्या डब्यातून बोलतो. बोलणं वेळेवर पोचत नाही, म्हणून त्याने बोलणंच सोडलंय."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग मास्तर म्हणाले, "तुमच्या कामात चूक आहे."

तिने लिहून घ्यायला पेन उचललं.

"मोजणी बंद असताना कुणी आकडा विचारला, तर तुमचा कर्नल शून्य सांगतो. हे धादांत खोटं. मेमरी वापरली नाही आणि मेमरी मोजली नाही, यात फरक आहे की नाही? आकडा नसेल तर तो दिसताच कामा नये."

"एवढंच, सर?"

"एवढंच काय? त्या शून्यावर विसंबून कुणी फसला तर?" मग आवाज जरा खाली आला. "तेवढं सुधारा, मी घेतो. मी हे लिहिलं तेव्हा इतक्या लहान चिपा डोळ्यांसमोर नव्हत्या. बरं झालं पाठवलंत."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसत राहिली.

तिने ती चूक निस्तरली आणि मास्तरांनी शब्द पाळला. तिने दादाच्या डब्यात नवा कर्नल घातला आणि जेवताना तो त्याच्या ताटाशी सरकवला. दादाने हात लावला नाही. तेवढ्यात भाची कुरकुरत म्हणाली, "आज मला वर्गाबाहेर उभं केलं. म्हणे फार बोलतेस."

दादाची बोटं हलली. डबा लगेच म्हणाला, "शाब्बास! घराण्याचं नाव राखलंस."

"बाबा!" भाची ओरडली.

"आणखी चढवा तिला," वहिनी म्हणाली.

"चढवायला कशाला लागतंय? आईवर गेलीये."

वहिनीला हसता हसता ठसका लागला. दादा पुढचं टाइप करतच होता. बहिणीने निवांतपणे आणखी वाढून घेतलं, कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.